मे महिन्याचं बिल आणि पश्चिमेची भिंत: जळगावच्या एका रो हाऊस स्कीमचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगाव शहराच्या वाढीव हद्दीत, हायवेपासून थोडं आत, २०२४-२५ मध्ये चौदा रो हाऊसची एक स्कीम उभी राहिली. बांधणारे गृहस्थ मूळचे ठेकेदार, नंतर स्वतःच्या स्कीम करू लागले. त्यांना इथे नाना म्हणू. नकाशे आणि अंदाजपत्रक आमच्याकडे असल्यामुळे कुठला निर्णय कशावरून झाला हे जवळून बघायला मिळालं. ओळख पटेल असा तपशील बदललेला आहे.

नानांची आधीची स्कीम हिच्या दोन-तीन वर्षं आधीची. तळमजला अधिक एक, बाहेरच्या भिंती सहा इंची, वर स्लॅब आणि स्लॅबवर साधा कोबा. घरं हातोहात गेली. तक्रारी सुरू झाल्या त्या राहायला गेलेल्या लोकांचा पहिला उन्हाळा आल्यावर. वरच्या बेडरूममध्ये रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही, स्लॅब अंगावर येतो, सगळं घर खाली हॉलमध्ये झोपतं. ज्यांनी एसी लावले ते बिलाचा फोटो नानांना पाठवायचे, जणू बिल नानांनीच काढलं होतं. एका परीनं ते खरंही होतं.

खानदेशात उन्हाळा म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत ही उष्णता आत यायला इतका वेळ लावायचे, की तोवर संध्याकाळ व्हायची. लोकांनी ती घरं सोडली हे बरोबरच होतं. दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, तरी गळायचंच. पण मातीचं छत गेलं आणि त्याच्या जागी उघडा स्लॅब आला. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि झोपायच्या वेळेला ते खोलीत सोडतं.

कूलरनं बरीच वर्षं भागवलं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की नुसता चिकचिकाट होतो, आणि पाणी दिवसांआड येत असेल तर टाकीतलं पाणी कूलरला द्यायचं की वापरायला ठेवायचं यावरून घरात वाद. म्हणून एसी आले, आणि एसीबरोबर वीजबिलाचे वरचे टप्पे आले.

अडचण

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याला ४.७१ रुपये, दुसऱ्याला १०.२९, तिसऱ्याला १४.५५ असा वीज आकार होता. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, शिवाय स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन बाजूला ठेवलं तरी १०० युनिटचं बिल साधारण सव्वाआठशे, ३०० युनिटचं साडेतीन हजार आणि ४५० युनिटचं सहा हजारांच्या वर जायचं. वापर साडेचार पट, बिल सात पटीहून जास्त.

या प्रकरणाची किल्ली मला इथेच दिसते. घर गार राहिल्यानं वाचणारं युनिट नेहमी बिलाच्या वरच्या टोकाकडून कमी होतं. त्या दरांनी ज्याचा मेचा वापर तिसऱ्या टप्प्यात होता त्याला वाचलेलं एक युनिट शुल्कासकट अठरा रुपयांना पडायचं. दुसऱ्या टप्प्यातल्याला तेरा रुपयांना. आणि ज्याचं घर कूलर-पंख्यावर शंभरच्या आत भागतं, त्याला भिंत गार असली काय नि तापली काय, बिलात काही दिसत नाही. म्हणजे भिंत एकच असली तरी तिची किंमत तीन गिऱ्हाइकांना तीन वेगळी.

२०२३ च्या हिवाळ्यात नव्या जागेचे नकाशे सुरू झाले तेव्हा नानांसमोरचा प्रश्न सरळ होता. साइटवर येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, "वरची खोली तापते का हो?" पुढच्याच वाक्यात तो भाव कमी करायला सांगायचा. नानांचं म्हणणं, "साहेब, तापणारं घर कोणालाच नको, पण न तापणाऱ्याचे पैसे द्यायलाही कोणी तयार नाही. मग मी कोणाच्या भरवशावर घालू?" खर्च बांधणाऱ्याचा आणि बचत राहणाऱ्याची, हा पेच सगळीकडेच आहे. सूट मागणाऱ्या छोट्या शहराच्या बाजारात तो जास्त टोचतो.

तोललेले पर्याय

पहिला प्रश्न दिशेचा होता, आणि खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय त्यातच होता. रो हाऊसला बाजूच्या भिंती सामायिक असतात. ऊन लागतं ते पुढून, मागून आणि वरून. रांग पूर्व-पश्चिम टाकली तर घरांची तोंडं उत्तर-दक्षिण होतात आणि दुपारचं पश्चिमेचं ऊन फक्त रांगेच्या टोकाच्या घराला लागतं. एक रुपया न खर्चता बाकीच्या घरांचा ताप कमी. पण मग निम्मी घरं दक्षिणमुखी. नानांनी नकाशा बघितला आणि गुंडाळून परत दिला. दक्षिणमुखी घर आपल्याकडे शेवटपर्यंत पडून राहतं, आणि पडून राहिलेल्या घराचं व्याज कुठल्याही वीजबिलापेक्षा मोठं. रांगा उत्तर-दक्षिणच राहिल्या: एका रांगेच्या तोंडाला पूर्व आणि पाठीला पश्चिम, दुसरीचं उलट. चौदाही घरांना पश्चिमेची एक भिंत आली. त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही, पण पुढचा बराचसा खर्च त्या दिशेची भरपाई होता.

मग तीन वाटा उरल्या. नेहमीसारखं बांधून भाव कमी ठेवायचा. किंवा छतावर सोलर देऊन ‘शून्य बिल’ अशी जाहिरात करायची. शहरात एकदोघांनी ती सुरूही केली होती. किंवा घरच गार बांधायचं.

आम्ही आधी गार घराचं भरगच्च अंदाजपत्रक केलं: सगळ्या बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या), छतावर इन्सुलेशन, दुहेरी काचेच्या खिडक्या, छज्जे. घरामागे एक लाख नव्वद हजार जादा. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जात लाखाला नऊशे रुपये हप्ता धरला, तर वर्षाला वीस हजारांच्या वर. बचत किती? मार्च ते जून आणि ऑक्टोबर मिळून आमचा अंदाज चारशे युनिटच्या आसपासचा. वरच्या टप्प्यातल्या कुटुंबाचेही सात हजार रुपयेच होतात. गणित बसत नव्हतं. गार घर आपोआप फायद्याचं असतं असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

सोलरचं गणित उलट, चटकन बसणारं. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली: तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉटला महिन्याला साडेतीनशे युनिट. नाना खूश. "साहेब, तुमचे ते ब्लॉकबिक राहू द्या. पॅनल टाकू, मोकळे होऊ."

कागदावर त्यांचं बरोबर होतं. तरी तीन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या. एक, अनुदान बिल्डरला मिळत नाही. ज्याच्या नावावर घरगुती मीटर त्याच्या खात्यात येतं. विक्रीआधी पॅनल टाकले तर पैसे नानांचे अडकणार. दोन, आपल्याकडे नेट मीटरिंगचा, म्हणजे सोलरनं ग्रिडला दिलेली युनिटं बिलातून वजा करण्याचा, हिशोब आर्थिक वर्षाचा असतो. हिवाळ्यात साठलेली युनिटं ३१ मार्चला मोकळी होतात, उरलेली वीज कंपनी किरकोळ दरानं घेते. एप्रिलमध्ये, म्हणजे नेमक्या तोंडावर आलेल्या उन्हाळ्यात, खातं कोरं. तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही: ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की तेही बंद पडतं. मेच्या दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला की सोलरवाल्याचा आणि बिनसोलरवाल्याचा घाम सारखाच.

शिवाय ‘शून्य बिल’ हे जाहिरातीत छापलेलं वचन. स्कीम आठ घरांहून मोठी, म्हणजे महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची, नोंदणी आलीच, आणि रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावरून गिऱ्हाईक भरपाई मागू शकतं. कोणी तीन एसी लावून बसला तर शून्य कुठून आणणार? हा मुद्दा नानांना लगेच पटला. उष्णतेच्या शास्त्रापेक्षा वकिलाची फी त्यांना लवकर समजते.

काय केलं

शेवटी एक साधा निकष धरला. जे नंतर करता येत नाही ते आत्ता बांधायचं, जे नंतर करता येतं ते राहणाऱ्यावर सोडायचं. एसी, पंखे, पॅनल नंतर येतात. भिंत आणि छत नंतर येत नाहीत.

त्यातून अंदाजपत्रक सत्तर हजारांवर आलं. छतावर विटांच्या तुकड्यांच्या (ब्रिकबॅट) कोब्याखाली इन्सुलेशनच्या शीट आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. पश्चिमेची तेवढी भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची, बाकी भिंती राखेच्या विटांच्या. दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळे राख या भागात सहज मिळते. पश्चिमेच्या खिडक्या लहान, त्यांच्यावर खोल छज्जा आणि बाहेरून बांबूची चटई अडकवायला हूक. दुहेरी काच गेली. सोलरसाठी फक्त पाइप, अर्थिंग आणि छताची मोकळी दक्षिण बाजू, जिथे पाण्याची टाकी येणार नाही.

कामात डोकेदुखी निघाली ती ब्लॉकची. आमच्या मिस्त्रीचा हात विटांवर बसलेला. ब्लॉक कोरडे लावले, पाणी मारलं नाही, आणि पहिल्याच घरात ब्लॉक आणि काँक्रीटच्या कॉलममध्ये उभी केसासारखी चीर आली. तिथे जाळी मारून गिलावा करायला हवा होता. रेराप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरची असते, त्यामुळे नानांनी ते प्लास्टर उतरवून पुन्हा करून घेतलं, आणि आठवडाभर मला फोनवर ऐकवलं.

नमुना घर मुद्दाम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तयार ठेवलं. २०२४ ची आखाजी १० मेला होती. बुकिंगला मुहूर्त चांगला, आणि ऊन त्याहून चांगलं. घर दाखवायची वेळ दुपारी चारची ठेवली. सकाळी दहाला दाखवून काही उपयोग नव्हता. आधीच्या स्कीममधलं एक रिकामं घर जवळच होतं, त्याची चावी नानांकडे होती. आधी ते दाखवायचं, मग हे.

त्या दिवसांतलं एक कुटुंब लक्षात राहिलं आहे. शिक्षक नवराबायको, भाड्यानं तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालीच राहणारे, आणि बरोबर धरणगावकडच्या सासूबाई. नवरा भाव, कार्पेट एरिया, पार्किंग विचारत होता. सासूबाई जिना चढून सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी गेल्या, पूर्ण तळवा टेकवला, मग उलट्या हातानं चाचपून बघितलं. "हाई भीत तं तपेलच नही!" सुनेनं पर्समधून मोबाइल काढून मागच्या मेचं बिल दाखवलं, ४६० युनिटचं. एसी एकच, आणि तो रात्री फक्त. पंधरा मिनिटांत भावाची बोलणी सुरू झाली, आणि त्यात भिंत पुन्हा आलीही नाही. ती ठरून गेली होती.

यावरून पुढच्या भेटींसाठी आम्ही एक गोष्ट ठरवली. येणाऱ्याला फोनवरच सांगायचं, मागच्या मेचं बिल बरोबर आणा. ज्यांनी आणलं त्यांच्यासमोर त्यांच्याच आकड्यावर हिशोब मांडला. ज्यांचा वापर दोनशेच्या आत होता त्यांनाही खरं ते सांगितलं, की बिलात तुम्हाला फार फरक पडणार नाही, खोली मात्र झोपण्यासारखी राहील. नानांना हा प्रामाणिकपणा परवडणारा वाटला नव्हता. पण दोनशेच्या आतल्यांतलेही काही जण परत आले.

बँकेच्या मूल्यांकनात मात्र काही हाती लागलं नाही. मूल्यांकनकर्त्यानं चौरस फुटाचा शेजारचा भाव लावला. छताखाली काय आहे याला त्याच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. त्यामुळे सत्तर हजार कर्जात बसले नाहीत आणि मार्जिनमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातल्या रोख रकमेत गेले. ऐन बुकिंगच्या वेळी तोच पैसा सगळ्यात महाग असतो.

काय झालं

मे आणि जूनमध्ये निम्म्याहून अधिक घरं गेली. घेणारे बहुतेक स्वतः राहणारे: शिक्षक, रेल्वेतले, दुकानदार, एक नर्स. जवळपास सगळे भाड्याच्या वरच्या मजल्यावरून आलेले आणि स्वतःचं बिल स्वतः भरणारे. सत्तर हजारांपैकी नानांना सरासरी निम्मे भावात सुटले. बाकीचे घरं लवकर गेल्यानं वाचलेल्या व्याजात निघाले, असं ते सांगतात. तो हिशोब त्यांच्या वहीतला आहे.

पाऊस पडला आणि प्रश्न बदलले. दसरा-दिवाळीला आलेल्यांपैकी कोणी भिंतीला हात लावला नाही. चौकशी पार्किंगची, नळाची, आणि "सोलर देता का?" याची. सोलरची बचत बिलात बारा महिने दिसते, भिंतीची आठवण फक्त तापल्यावर होते. याच काळात भाड्यानं द्यायला घर घेणारे दोघे आले. एकानं सरळ विचारलं, "ते इन्सुलेशन नको, सत्तर हजार कमी करा. बिल भाडेकरू भरतो." त्यानं घर घेतलं नाही, दुसऱ्यानं घेतलं, पण भाव पाडूनच. शेवटी उरली ती टोकाची दोन घरं, फेब्रुवारीपर्यंत.

ताबे २०२५ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास दिले. मेच्या बिलांची आम्ही वाटच बघत होतो, आणि त्या वर्षी मेमध्येच राज्यभर अवकाळी पाऊस झाला, मॉन्सूनही महिना संपायच्या आत महाराष्ट्रात आला. सगळ्यांचीच बिलं कमी. आमच्या भिंतीचं श्रेय ढगांनी नेलं. तुलना करायला उरला तो एप्रिल, आणि सहा कुटुंबांनी त्याची बिलं दिली. चौघांचा वापर जुन्या भाड्याच्या घरापेक्षा कमी, तोही मोठ्या घरात. पाचव्याचा जवळपास तेवढाच. सहाव्याचा वाढला: खोली लवकर गार होते म्हणून मुलं दुपारपासूनच एसी लावू लागली होती. सहा बिलांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. घर चांगलं बांधलं की वापर घटतोच असं नाही, लोक त्यातून थोडं सुखही विकत घेतात, एवढं मात्र त्यात दिसतं. सासूबाईंच्या घरी वरच्या खोलीत दुसरा एसी लागला नाही. त्यांच्या सुनेच्या मते घराचे पैसे तिथेच वसूल झाले.

पहिल्या दिवाळीच्या आत चौदापैकी निम्म्या घरांवर पॅनल चढले, सगळे मालकांनी स्वतःच्या नावानं, अनुदान घेऊन. पाइप आधीच टाकलेले असल्यानं भिंती फोडाव्या लागल्या नाहीत. पांढऱ्या मोझॅकबद्दल मात्र तक्रार आहे. धुळीनं ते वर्षभरात मातकट झालं, आणि मातकट छत ऊन परतवत नाही. धुवायला पाणी हवं. काहींनी धुतलं, बहुतेकांनी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दिशेचा प्रश्न इतक्या लवकर सोडायला नको होता. सगळी घरं नाही, पण एखादी रांग पूर्व-पश्चिम टाकून तिच्यातली घरं उत्तरमुखी करता आली असती, समोर रस्ता आणि पाठीला बाग. दोन घरं कमी बसली असती, पण पश्चिमेच्या भिंतीवरचा खर्च त्या रांगेपुरता संपला असता. हे गणित मांडून बघायच्या आतच दक्षिणमुखीच्या धाकानं नकाशा गुंडाळला गेला.

भाडेकरूसाठी घर घेणाऱ्यांना वेगळ्या तऱ्हेनं गाठता आलं असतं. बिल भाडेकरू भरतो हे खरं, पण मेमध्ये घर सोडून जातो तोही भाडेकरूच. आधीच्या स्कीममध्ये वरचा मजला भाड्यानं दिलेल्यांचे भाडेकरू किती वेळा बदलले हे नानांना माहीत होतं. त्यांनी ते बोलण्यात कधी काढलं नाही, कारण त्यातून जुन्या स्कीमची बदनामी झाली असती.

बँकेशी बोलणं बुकिंगनंतर झालं, ते नमुना घर बांधतानाच व्हायला हवं होतं. छत आणि भिंत यांची वेगळी खर्चयादी, इंजिनिअरच्या सहीनिशी, अंदाजपत्रकात दाखवली असती तर निदान एखाद्या शाखेनं ती धरली असती. पुढच्या स्कीमसाठी ही यादी तयार आहे. मोझॅकऐवजी सहज पुसता येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या टाइल्स धरल्या आहेत, आणि गच्चीवर एक जादा नळ. दिशेबद्दल नाना अजून काही बोलत नाहीत. नवी जागा त्यांनी घेतली आहे, तिला रस्ता उत्तरेला आहे.